शिल्लक गोळ्यांचा हिशेब

आपल्या गटाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. तिच्यातला इतिहासाचा लेख मी लिहावा असं संपादक मंडळाने ठरवलं, कारण रजिस्टर माझ्याकडे असतं. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की आपला दहा वर्षांचा इतिहास दोन पानांत आटोपतो. एक लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं, एक परिचारिका, आठवड्यातून दोन दिवस घरभेटी, आणि जिने चढून गुडघे दुखायला लागलेले आपण काही जण. हे सगळं आपण ज्यांच्याकडून उचललं त्यांचा इतिहास मात्र मोठा आहे. तो सांगितल्याशिवाय कपाटाला एकाऐवजी दोन कुलपं का, हेसुद्धा नव्या कार्यकर्त्याला कळणार नाही. म्हणून संपादकांची परवानगी गृहीत धरून मी आपल्या मूळपीठाचा इतिहास लिहितो आहे. ते मूळपीठ म्हणजे केरळातल्या कोळिकोडची (जुनं नाव कालिकत) ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रोग्याची वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा. स्थापना १९९३.

त्याआधी एक कबुली. माझं तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात एक मुलगा जिल्ह्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. वडिलांना जबड्याचा कर्करोग, तंबाखूने झालेला. चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या लिहिलेल्या. मी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि परत केली. ‘ही गोळी येत नाही,’ म्हणालो. वास्तविक ती येत नव्हती असं नाही, मी ठेवत नव्हतो. परवाना, वेगळी नोंदवही, अबकारी खात्याची भेट, आणि हिशेबात एक गोळी कमी भरली तर काय, ही धास्ती. नफा म्हणाल तर शून्य. मुलगा पुन्हा आला नाही. त्याच्या वडिलांचं पुढे काय झालं हे गावात सगळ्यांना कळलं, कारण रात्री त्यांचं ओरडणं गल्लीत ऐकू यायचं. दोष डॉक्टरांचा नव्हता, त्यांनी बरोबर लिहिलं होतं. गोळीच्या आणि रोग्याच्या मध्ये मी उभा होतो.

आणि हे औषध काही नव्याने सापडलेलं नव्हतं. अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं गेलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तिच्यात ते होतं. १९८६ साली त्याच संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. वेदना थोडी असेल तर साधी वेदनाशामकं, वाढली तर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधं, आणि तीव्र असेल तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळ लावून द्यायचं. दुखायला लागल्यावर देण्यात अर्थ नाही. आधीच्या मात्रेचा असर उतरण्यापूर्वी पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे. साध्या गोळीचा असर चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. झोपताना दुप्पट मात्रा, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मॉर्फिनने शौचाला हमखास घट्ट होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत सारक औषध. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी, मग ती ओसरते. एवढंच शास्त्र. एवढ्यावर कर्करोगाच्या बहुसंख्य रोग्यांची वेदना आटोक्यात येते, हे तेव्हाच सिद्ध झालेलं होतं. गोळीही महाग नव्हती.

पण शिडीच्या एक वर्ष आधी, १९८५ साली, आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आला. एनडीपीएस म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. गर्दने तेव्हा मुंबई-पुण्यातली तरुण पोरं खायला सुरुवात केली होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पत्नी सुनंदाताईंसह १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते याच दिवसांतलं. कायद्याची गरज होती याबद्दल वाद नाही. त्यात वैद्यकीय वापराला मनाईही नव्हती. पण शिक्षा किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि नियम करायचा अधिकार राज्यांकडे. प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. बाळगायचा परवाना वेगळा, वाहून न्यायचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा तर दोन्ही राज्यांचे वेगळे. त्यात अबकारी खातं, औषध प्रशासन आणि आरोग्य खातं अशी तीन दारं. सगळे परवाने एकाच वेळी चालू असले तरच औषध आणता येई, आणि पाचवा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. रुग्णालयांनी नाद सोडला. माझ्यासारख्या दुकानदारांनी तर त्याआधीच. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून वर्षाला १८ किलोपर्यंत आला. शंभर कोटींच्या आसपास माणसं, आणि अठरा किलो. आमच्या दुकानात पॅरासिटॅमॉल याहून जास्त खपत असेल.

यातला उपरोध असा, की अफू आपल्याच शेतात पिकते. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचला, राजस्थानात चित्तोड-झालावाडला सरकारी परवान्याने अफूची शेती होते, बोंडांना चिरे देऊन चीक गोळा होतो, तो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. तिथून तो परदेशांत निर्यात होतो आणि तिथल्या रोग्यांच्या वेदना शमवतो. शेत आपलं, चीक आपला, आणि मंदसौरपासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या माझ्या गल्लीत माणूस ओरडतो आहे.

कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. भूलतज्ज्ञाला नसा बधिर करता येतात, म्हणून वेदनेचे रोगी त्यांच्याकडे पाठवले जात. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली एक हकिकत आहे. जिभेच्या कर्करोगाचे एक प्राध्यापक त्यांच्याकडे आले. वेदना असह्य होती. राजगोपाल यांनी जबड्याची नस बधिर केली, वेदना थांबली. रोग्याने विचारलं, पुन्हा कधी येऊ? आता येण्याची गरज नाही, रोग बरा होण्यातला नाही, असं उत्तर मिळालं. आपल्याला कर्करोग आहे हे त्या गृहस्थांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते घरी गेले आणि त्याच रात्री त्यांनी जीवन संपवलं. नस बरोबर बधिर झाली होती, उपचार यशस्वी झाला होता, आणि माणूस गेला. राजगोपाल ही गोष्ट स्वतःला दोष देत सांगतात. संस्थेच्या स्थापनेची तारीख कागदावर कुठलीही असो, माझ्या मते ती खरी स्थापना.

लंडनला सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे आश्रमवजा रुग्णालय काढलं, तेव्हापासून ‘समग्र वेदना’ हा विचार तिकडे रुजला होता. शरीर दुखतं, तसं मन दुखतं, घर दुखतं, पैशाची चणचण दुखते. गिली बर्न नावाच्या इंग्रज परिचारिका हा विचार घेऊन भारतभर फिरत होत्या, ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस शिकवायला येत होते. राजगोपाल, त्यांचे तरुण सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि डॉक्टर नसलेले काही मित्र यांनी मिळून १९९३ साली संस्था नोंदवली. सरकारी महाविद्यालयाने आवारात जागा दिली; औषधं, माणसं आणि पैसा संस्थेने उभा करायचा. इमारत नाही, खाटा नाहीत. बाह्यरुग्ण विभाग एवढंच. रोगी यायचा, त्याचं ऐकून घ्यायचं, औषध बसवायचं, नातेवाइकाला गोळ्यांचं वेळापत्रक समजावायचं आणि घरी पाठवायचं. रुग्णालय काढण्याचा मोह या मंडळींनी टाळला, आणि पुढे जे झालं ते या टाळण्यातून झालं, असं मला वाटतं. आपल्याकडे चांगल्या कामाची कल्पना सुचली की पहिला विचार भूखंडाचा, दुसरा कोनशिलेचा. कोळिकोडवाल्यांनी एक खोली आणि एक वही यांवर सुरुवात केली.

त्या वहीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण डॉक्टर मंडळी संस्थेचा इतिहास सांगताना करुणेबद्दल बोलतात आणि वहीबद्दल एखादं वाक्य बोलून पुढे जातात. मी दुकानदार माणूस, मला वही दिसते.

कर्करोगाच्या रोग्याला घरी मॉर्फिन न्यायला दिलं तर काय होईल, याबद्दल त्या वेळी सगळ्यांची मतं ठाम होती आणि अनुभव कुणालाच नव्हता. पोलिसांना वाटे, गोळ्या बाजारात जातील. अबकारी अधिकाऱ्याला वाटे, घरातली पोरं खातील. डॉक्टरांना वाटे, रोग्याला व्यसन लागेल. रोग्याच्या बायकोला वाटे, मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला. कोळिकोडला या कुठल्याच समजुतीशी वाद घालत बसले नाहीत. गोळ्या मोजून दिल्या, कुणाला दिल्या ते लिहिलं, रोगी पुन्हा आला की किती उरल्या ते पाहिलं. हे वर्षानुवर्षं केलं. राजगोपाल यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड जोरॅन्सन आणि ॲरन गिल्सन यांच्याबरोबर त्या नोंदी तपासल्या आणि २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या. दोन वर्षांत १,७२३ रोग्यांना मॉर्फिन दिलं होतं, त्यांतले बहुतेक आपल्या घरी राहून गोळ्या घेणारे. गैरवापराचा किंवा गोळ्या भलतीकडे गेल्याचा एकही प्रकार सापडला नाही.

एकही नाही, हे वाचल्यावर मी पुष्कळ वेळ तसाच बसून होतो. तीस वर्षं औषधं विकली. खोकल्याच्या कोडीनच्या बाटल्या कोण कशासाठी नेतं हे मला चेहऱ्यावरून कळायचं. गोळ्या भलतीकडे जाऊ शकतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या जायच्या कुणाच्या हातून? ज्याला दर चार तासांनी गोळीची गरज आहे तो आपली गोळी विकत नाही. विकतो तो ज्याला तिची गरज नाही.

व्यसनाबद्दलही एक घोटाळा आहे, तो नव्या कार्यकर्त्यांसाठी इथेच निस्तरतो. महिनाभर मॉर्फिन घेतलेल्या माणसाचं औषध एकदम थांबवलं तर त्याला घाम येतो, जुलाब होतात, अंग मोडून येतं. याला शरीराची सवय म्हणतात. किरणोपचाराने गाठ आकसून वेदना गेली, तर मात्रा हळूहळू उतरवायची, की काही होत नाही. रोगी स्वतःच सुटल्यासारखं म्हणतो, बरं झालं, पोट साफ होईल. व्यसन निराळं. व्यसनी माणूस औषधासाठी घर सोडतो. वेदनेचा रोगी औषधामुळे पुन्हा घरात येतो, जेवायच्या ताटावर बसतो, नातवाला जवळ घेतो. मुक्तांगणसारख्या ठिकाणी काम केलेल्या माणसाला हा फरक पटकन कळतो. आमच्या पहिल्या प्रशिक्षणात सगळ्यात कमी घाबरलेला माणूस एक दारू सुटलेला गृहस्थ होता.

याचा अर्थ अफूजन्य औषधं निरुपद्रवी आहेत असा नव्हे. कोळिकोडला गोळ्या मोजल्या जात होत्या त्याच काळात, १९९६ साली, अमेरिकेत पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. व्यसनाचा धोका नगण्य असल्याचं सांगत त्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारोदार फिरले, पाठदुखीला, गुडघेदुखीला ते लिहिलं जाऊ लागलं, आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. २००७ साली कंपनीने दिशाभूल केल्याचं न्यायालयात कबूल केलं. तरीही अमेरिकेचं उदाहरण दाखवून आपल्याकडे मॉर्फिन अडवणारे लोक मला आजही भेटतात. त्यांना एवढंच विचारावं, की कोळिकोडच्या खोलीत कंपनीचा प्रतिनिधी कुठे बसत होता? गोळी त्याच जातीची. एकीकडे ती विक्रीच्या आकड्यासाठी निघाली, दुसरीकडे एका माणसाच्या घरचा पत्ता लिहून.

पुराव्याची वही हातात आल्यावर नियमांवर बोलणं शक्य झालं. ‘लॅन्सेट’ची वाट न पाहता हे काम आधीच सुरू झालं होतं. विस्कॉन्सिनची मंडळी, भारतातले पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आणि केंद्राचं महसूल खातं यांनी मिळून एक साधी नियमावली तयार केली आणि १९९८ साली ती राज्यांकडे गेली: अनेक खात्यांऐवजी एक अधिकारी, अनेक परवान्यांऐवजी एक मान्यता. केरळ ती लवकर स्वीकारणाऱ्यांत होतं. बाकी राज्यांकडे खेटे घालणं सुरू राहिलं. एकेका राजधानीत कार्यशाळा, सचिवांना भेटी, सचिव बदलला की पुन्हा पहिल्यापासून. या कामाला इतिहासात सहसा जागा मिळत नाही. मला ते नसा बधिर करण्यापेक्षा अवघड वाटतं.

आणि एक विचित्र गोष्ट दिसली. काही राज्यांनी नियम सोपे केले, तरी तिथे मॉर्फिनचा वापर वाढला नाही. दार उघडलं होतं, आत जायला कुणी नव्हतं. कारण १९८५ नंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने तोंडाने घ्यायचं मॉर्फिन पाहिलेलंच नव्हतं. त्यांना पेंटाझोसिनचं इंजेक्शन ठाऊक होतं. गोळीची सुरुवात किती मात्रेने करायची हे ठाऊक नव्हतं. माहीत नसलेलं औषध डॉक्टर लिहीत नाही, आणि लिहिलं जात नसलेलं औषध दुकानदार ठेवत नाही. या चक्रातला दुसरा अर्धा भाग मी स्वतः जगलो आहे. म्हणून कोळिकोडने शिकवणं हे कामाचं अंग केलं. डॉक्टर-परिचारिकांचे काही आठवड्यांचे वर्ग, ज्यात निम्मा वेळ रोग्यांच्या घरी. २००३ साली त्यासाठी वेगळी संस्थाच उभी राहिली, इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन. आपल्या परिचारिकाताई ज्या पद्धतीने जखम धुतात, मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरतात आणि दोन दिवसांत घरातला वास जातो, ती पद्धत या परंपरेतली. वास गेला की शेजारी पुन्हा घरात यायला लागतात. हा परिणाम कुठल्या तक्त्यात लिहायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

शेजाऱ्यांवरून आता संस्थेच्या इतिहासातल्या दुसऱ्या आणि माझ्या मते मोठ्या वळणावर येतो. महाविद्यालयातल्या खोलीची ख्याती झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने हे काम विकसनशील देशांसाठी नमुना म्हणून वाखाणलं, तेव्हाच तिची मर्यादाही दिसू लागली. मणक्यात कर्करोग पसरलेला माणूस जीपमध्ये आडवा घालून मलप्पुरमच्या डोंगरातून पाच तास आणायचा, गोळ्या घ्यायच्या, तसाच परत न्यायचा. जे येऊ शकत नव्हते ते येतच नव्हते. आधी गावोगावी छोटी जोडकेंद्रं काढली. मग सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांच्या मनात असं आलं, की रोग्याच्या चोवीस तासांपैकी डॉक्टर लागतो किती वेळ? उरलेला वेळ त्याला कूस बदलायला, औषधाची वेळ सांगायला, तांदूळ आणून द्यायला, नुसतं बसायला कुणीतरी हवं असतं. ते कुणीतरी गल्लीतच राहतं.

२००१ साली उत्तर केरळात याला रूप आलं: शेजाऱ्यांचं जाळं. गावातली कुणीही माणसं, आठवड्यातून दोन तास देऊ शकणारी, यायची. त्यांना सोळा तासांचं शिक्षण आणि अनुभवी लोकांबरोबर काही घरभेटी. मग हीच माणसं आपापल्या भागातले अंथरुणाला खिळलेले रोगी शोधत, त्यांची यादी करत, नियमित भेटत, आणि पैसा गोळा करत. परिचारिका आणि डॉक्टर त्यांनी नेमायचे, डॉक्टरांनी त्यांना नव्हे. मलप्पुरम जिल्ह्यात हे वणव्यासारखं पसरलं. शिक्षक, विद्यार्थी, रिक्षावाले, आखाती देशातून परतलेले, मशिदीतले, देवळातले, डावे, मुस्लिम लीगवाले. दुकानांच्या गल्ल्यावर डबे ठेवले. बहुतेक पैसा चिल्लर देणग्यांतून आला, आणि त्याचा एक न मोजता येणारा फायदा झाला: डब्यात पाच रुपये टाकणाऱ्याला वाटलं, हा दवाखाना आपला आहे. कर्करोगापासून सुरू झालेलं काम मग अर्धांगवायू, निकामी मूत्रपिंडं, मानसिक आजार आणि नुसतं म्हातारपण इथवर गेलं, कारण शेजारी रोगाचं नाव विचारत नाही.

यावर टीकाही झाली, आणि ती संस्थेच्या हितचिंतकांकडून झाली. शिकलेला हात कमी पडेल, औषधांची गुणवत्ता सांभाळली जाणार नाही, स्वयंसेवकांच्या उत्साहाला वैद्यकाची शिस्त कोण लावणार? प्रश्न खोटे नव्हते. वाटा दोन झाल्या. कोळिकोडची मंडळी शेजाऱ्यांच्या जाळ्यात अधिक खोल गेली. राजगोपाल दक्षिणेकडे गेले. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘पॅलियम इंडिया’ ही संस्था काढली, जिचं काम पुढे तिरुवनंतपुरमहून चाललं, आणि कायदा, प्रशिक्षण, इतर राज्यांत केंद्रं उभी करणं याकडे जास्त लक्ष दिलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्मरणिकांमध्ये अशा वेळी ‘एकाच वृक्षाच्या दोन फांद्या’ वगैरे लिहायची पद्धत आहे. मी तेवढं म्हणत नाही. मतभेद होते, आणि त्यातून दोन वेगळी कामं झाली, जी एकाच ठिकाणी कदाचित झाली नसती.

२००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमायची, तिने घरोघर जायचं, असं ठरलं आणि जवळपास राज्यभर ते झालं. दोन वर्षांनी ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाने चाळीस देशांची मरणाच्या दर्जाची क्रमवारी लावली तिच्यात भारत चाळिसावा, अगदी तळाला होता. आणि त्याच अहवालात केरळचं वेगळं कौतुक होतं, की देशाच्या तीन टक्के लोकसंख्येचं हे राज्य देशातली दोनतृतीयांश पॅलिएटिव्ह सेवा देतं. एका पानावर लाज आणि अभिमान.

दिल्लीतलं काम तडीस जायला त्यानंतरही वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयात याचिका, संसदेच्या समित्या, मसुदे. २०१४ च्या फेब्रुवारीत, पंधराव्या लोकसभेच्या अगदी शेवटच्या दिवसांत, कायद्यात दुरुस्ती झाली. ‘अत्यावश्यक अमली औषधं’ असा नवा वर्ग आला, आणि त्यांच्या बाबतीत राज्यांचे निरनिराळे नियम जाऊन देशभर एकच नियम आला. मे २०१५ मध्ये तो अधिसूचित झाला. त्या वर्गात मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि मेथाडोन अशी सहा औषधं आहेत. मेथाडोन वेदनेवरही चालतं आणि हेरॉइनचं व्यसन सोडवायलाही. तेव्हा तोच नियम दोन्हीकडच्या रोग्यांच्या उपयोगी पडला. मूळ कायद्यात गैरवापर रोखणं एवढंच सरकारचं कर्तव्य लिहिलं होतं. दुरुस्तीत त्याच्या शेजारी वैद्यकीय वापरासाठी उपलब्धतेची खात्री करणं हेही आलं. जवळपास तीस वर्षांनी एक उपवाक्य.

महाराष्ट्र या सगळ्यात कुठे होता? अगदी मागे नव्हता. देशातलं पहिलं हॉस्पिस, ‘शांती अवेदना’, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ सालीच मुंबईत वांद्र्याला सुरू केलं. पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. टाटा मेमोरिअलमध्ये वेदनेचा आणि पॅलिएटिव्ह मेडिसिनचा विभाग आहे, २०१२ पासून तिथे त्या विषयाची एम.डी. पदवी मिळते. पण परळला रांगेत उभं राहता येणाऱ्याला जे मिळतं ते गावी परतल्यावर मिळत नाही. टाटाने लिहून दिलेल्या गोळ्या संपल्या की पुन्हा एसटी, पुन्हा परळ. आपला गट त्या एसटीच्या प्रवासातून जन्मला. २०१५ चा नियम आला, आपल्या गावातल्या एका रुग्णालयाने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून औषध नियंत्रकांकडे अर्ज केला, एक डॉक्टर आणि एक परिचारिका शिकून आल्या, आणि दुकान मुलाच्या हाती सोपवून मी कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. खरं तर एकच किल्ली. दुसरी परिचारिकाताईंकडे असते. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही. वर्षाला किती लागेल याचा अंदाज आधी कळवायचा, वर्षअखेर हिशेब द्यायचा. पहिल्या वर्षीचा आपला अंदाज चुकला होता. फार जास्त मागवलं. गावात इतके वेदनेचे रोगी आहेत आणि ते येतील, असं आम्ही धरलं होतं. ते होते, पण आले नाहीत. त्यांना शोधून काढायला शेजारी लागले, जे कोळिकोडने आधीच सांगून ठेवलं होतं.

२०१७ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगभरच्या वेदनेचा ताळेबंद मांडला. त्यात भारतात पोचणारं अफूजन्य औषध गरजेच्या चार टक्के भरलं. त्यात केरळही धरलेलं आहे, तेव्हा उरलेल्यांचं काय ते वाचकाने काढावं. १५ जानेवारी हा दिवस केरळात पॅलिएटिव्ह केअर दिन म्हणून पाळतात. आपणही त्या दिवशी घरभेटींची यादी नव्याने करतो आणि कुठली नावं राहून गेली ते पाहतो.

रजिस्टरात एक रकाना आहे, ‘परत आलेल्या’. छापील नमुन्यात तो नव्हता, आपण हाताने आखला. रोगी गेला की दहाव्या-बाराव्या दिवशी घरातलं कुणी येतं आणि उरलेली पट्टी टेबलावर ठेवतं. आणून द्या असं आपण सांगितलेलं असतं, पण त्या दिवसांत कुणाला आठवणार, असं मला आधी वाटायचं. त्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. दोन साक्षीदारांसमोर त्या नष्ट करायच्या आणि सह्या घ्यायच्या. गेल्या आठवड्यात एक सून आली होती. सासऱ्यांच्या चौदा गोळ्या एका रिकाम्या काडेपेटीत घालून आणल्या होत्या. तिने त्या माझ्यासमोर एकेक करून मोजल्या, तेरा भरल्या. ती कावरीबावरी झाली, घरी फोन केला. नवरा म्हणाला, शेवटच्या रात्री मी एकाऐवजी दोन दिल्या होत्या, दुसरी वहीत लिहायची राहिली. मी रकान्यात तेरा लिहिलं, शेऱ्यात ती एक लिहिली, आणि तिची सही घेतली.